चारशे बारा नंबरची चूक

“दोन ओळी, वहिनी! दोन ओळींचं काम. सहा आठवडे झाले, अवघड जागेच्या दुखण्यासारखं जपतोय आपण ते.”

शेजारच्या खुर्चीतला प्रोग्रॅमर ओठातल्या ओठात कुरकुरत होता. त्याला सगळे तुफान म्हणत, कारण एके काळी तो चार दिवसांचं काम एका दुपारी उरकायचा. आता दिवसभरात एखादं बटण इकडचं तिकडे करायचा आणि तक्त्यात आठ तास लिहायचा.

“हळू बोल. भावजी आत आहेत,” वहिनी म्हणाली.

ती मालकाची सख्खी वहिनी, पण ऑफिसात सगळ्यांचीच. तुफानने लिहिलेलं वापरून बघायचं, चुका पकडायच्या आणि दुरुस्त झाल्यावर त्या बंद करायच्या, हे तिचं काम. ते ती इथेच बसून शिकली होती. कागदावर दाखवायला काही नव्हतं, वय पन्नाशीपार, आणि नवरा कंबर धरून घरी. इथून उठलं तर कोण उभं करणार होतं?

करार दवाखान्याशी होता, तासांवरचा. लागतील तेवढे तास लिहायचे, तेवढं बिल लावायचं. काम संपलं की करार संपला. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून ‘संपलं’ हा शब्द इथे कुणी तोंडातून काढत नसे. उरली होती एकच चूक, नंबर चारशे बारा: एकतीस तारखेला आलेल्या पेशंटला पुढच्या भेटीचा दिवस चुकीचा जायचा. दर सोमवारी वहिनी तिच्यापुढे लिहायची, ‘अजून सुरू’.

दार वाजलं. दवाखान्याच्या व्यवस्थापक बाई स्वतः आल्या होत्या. भावजी लगबगीने बाहेर आले. बाई मात्र त्यांना ओलांडून सरळ वहिनीशेजारी येऊन बसल्या.

“ताई, ती तारखेची चूक मला दाखवता? काल एक आजोबा भलत्याच दिवशी आले. दोन तास बाकावर बसून होते. मी तरी त्यांना काय सांगू?”

वहिनीने खुर्ची पडद्याजवळ ओढली. दाखवायला हरकत नव्हती. चूक तर होतीच, जपून ठेवलेली. तिने एकतीस ऑगस्ट घातली, ‘एक महिन्याने’ निवडलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर तीस सप्टेंबर उमटली. बरोबर, अगदी जशी यायला हवी तशी.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तीस. तिने तुफानकडे पाहिलं, तर तो आपल्या नखांचा अभ्यास करत होता. कार्ट्याला राहवलं नव्हतं, त्या दोन ओळी लिहून टाकल्या होत्या.

“हे बरोबरच दिसतंय की,” बाई म्हणाल्या.

“हो, म्हणजे तसं दिसतं,” भावजींनी कपाळ पुसलं. “या चुकीची हीच तर गंमत आहे, मॅडम. कधी येते, कधी येत नाही. पकडायला वेळ लागतो. काय वहिनी?”

वहिनीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आणखी दोन महिने, कदाचित तीन.

बाईंनी वही उघडली, पेन काढलं. “म्हणजे आणखी किती तास धरू? विश्वस्तांना सांगावं लागतं हो. आणि तोवर आमच्या काउंटरवरच्या मुली चिठ्ठ्यांवर हातानेच तारखा लिहितील. त्यांना तेही सांगते.” त्यांनी वहिनीकडे पाहिलं, अगदी विश्वासाने. तेच तिला सोसवेना.

“वहिनी,” भावजी हळूच म्हणाले. हाक होती की विनवणी, कोण जाणे.

तिला घरचा पलंग दिसला, औषधांचा डबा दिसला. मग ते आजोबा, बाकावर.

तिने चारशे बारा उघडली, ‘अजून सुरू’ खोडलं आणि बाईंच्या वहीवर हात ठेवला.

“तास लिहू नका,” ती म्हणाली. “काम संपलंय. केव्हाच संपलंय.”