ताटलीतलं पाणी

नवरा गेला तेव्हा गॅलरीत दोन बादल्यांमध्ये टोमॅटोची वीतभर रोपं होती. रंगाच्या रिकाम्या बादल्या त्यानेच आणल्या होत्या, बुडाला भोकं पाडली होती. खालच्या मजल्यावरची बाई "आमच्या धुतलेल्या कपड्यांवर चिखल गळतो" म्हणून भांडून गेल्यावर त्याने प्रत्येक बादलीखाली एक खोलगट ताटली सरकवली होती. आता घरात मी आणि सासरे उरलो.

महिन्याभराने धाकटी नणंद बाबांना न्यायला आली. चाळिशीला टेकली तरी सगळे तिला छकूच म्हणतात. तिचं म्हणणं सरळ होतं. मी दिवसभर कामावर, बाबा घरात एकटे. तिच्याकडे खोली रिकामी आहे, नातवंडं आहेत. यातलं काहीच मला खोडून काढता येईना.

बाबा सोफ्याच्या कडेला बसून गॅलरीकडे बघत होते. "टोमॅटो पिकू देत," ते म्हणाले. "त्याने लावलेत. ते खातो आणि येतो."

"टोमॅटोसाठी अडून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय! बाजारात ढिगाने मिळतात हो, बाबा."

"बाजारातले खाऊनच म्हातारा झालो. आता हे खाऊन बघतो."

"वहिनी, तू तरी सांग यांना."

"पिकू देत," मी म्हणाले.

बाबांनी राहावं असं मला वाटत होतं का? वाटत असावं. दाढ काढल्यावर ओठ बधिर होतो, चावला तरी कळत नाही, तशी मनातली ती जागा झाली होती. एवढंच माहीत होतं, की संध्याकाळी कुलूप मलाच उघडावं लागलं असतं, तर आत जाऊन काय करायचं ते मला सुचलं नसतं.

रोपं वाढली, काठ्यांना बांधली, फुलं आली. मग खालची पानं पिवळी पडली. ऊन नसतानाही शेंडे मान टाकू लागले आणि फुलं देठासकट गळू लागली. छकूचा फोन दर रविवारी यायचा. "पिकले का?"

"हिरवे आहेत अजून," बाबा सांगायचे. झाडावर एकही टोमॅटो नव्हता. मी समोर भाजी निवडत असायचे. मान वर करायचे नाही.

पाणी घालणं हे नवऱ्याचं काम होतं. ते आता कुणी करायचं हे आम्ही कधी बोललो नाही. बोलायला त्याचा विषय काढावा लागला असता. सकाळी बाबा आंघोळीला गेले की मी प्रत्येक बादलीत दोन मग ओतायचे आणि कामाला निघायचे. पानं मलूल दिसायला लागली तेव्हा तीन ओतायला लागले.

एका रविवारी छकू फोन न करता आली. हातात रिकामी बॅग. चप्पल काढून सरळ गॅलरीत गेली.

"हिरवे टोमॅटो कुठे आहेत, बाबा?"

बाबा तिच्यामागून येऊन काठीची सुतळी घट्ट करायला लागले.

"आणि ताटल्या बघा कशा वाहताहेत. डास होतील इथे!"

"झाडाने मान टाकली होती, म्हणून घातलं," बाबा म्हणाले.

"कधी घातलंत?" मी विचारलं.

"मघाशी, तू भाजीला गेलीस तेव्हा. एरवी तू कामाला गेलीस की घालतो. गाडी तापली की पाणी लागतंच." बाबांचा उभा जन्म बस डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात गेला होता.

"मीपण घालते. तुम्ही आंघोळीला गेलात की."

ताटली मला रोज भरलेली दिसत होती. ती मीच भरलेली आहे असं मी धरून चालले होते.

"म्हणजे दोघांनी मिळून बुडवलंत त्याला!" छकूला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं.

मी एक बादली आडवी केली आणि झाड मातीसकट बाहेर ओढलं. आंबूस वास आला. मुळं पांढरी असायला हवी होती. ती तपकिरी होती, चिमटीत धरली की साल सुटून हातात येत होती. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत भिजलेली राहिली की ती गुदमरून कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून वरून झाड तहानलेलं दिसतं. पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर पाण्यातला प्राणवायू मोजते. घरी मी मातीत एकदाही बोट घातलं नव्हतं.

"मेलं का?" बाबांनी विचारलं.

"हे मेलं. तेही जाईल."

छकू हळू आवाजात म्हणाली, "बाबा, कपडे भरू का?"

बाबांनी होकाराची मान हलवली आणि दोरीवरचे बनियन काढायला लागले.

मी दुसऱ्या झाडाकडे बघितलं. त्याचा शेंडा अजून हिरवा होता, खोड वरच्या बाजूला टणक होतं. मी कात्री आणली, वीतभर शेंडा कापला, त्याची खालची पानं खुडली आणि तो पेल्यातल्या पाण्यात उभा केला.

"हे काय आता?" छकूने विचारलं.

"टोमॅटोच्या खोडाला पाण्यात मुळं फुटतात. फुटली की मातीत लावायचं."

"आणि टोमॅटो कधी येणार?"

"तीनेक महिन्यांनी."

"वहिनी, तू पण ना..."

बाबा हातात बनियन घेऊन उभे होते. "किती पाणी लागतं, मला काही कळत नाही त्यातलं," ते म्हणाले.

"ताटली काढून टाकायची. खालच्या बाईशी मी बोलेन. मातीत बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं. आणि ते एकानेच द्यायचं."

"कुणी?"

"तुम्ही," मी म्हणाले. "मी घालणार नाही."

मग त्यांनी बनियन एकेक करून परत दोरीवर टाकले. कोरडे खडखडीत होते. छकूने रिकाम्याच बॅगेची चेन लावली.

मला बरं वाटलं की नाही ते कळलं नाही. मेलेलं झाड मी पिशवीत भरलं आणि बादली धुवायला घेतली.