मुदत संपलेले निळे पुस्तक

शाहूवाडीचा राजवर्धन कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एकाच दवाखान्यात एका महिन्यात दोनदा तपासला गेला. पहिल्या तपासणीत त्याला मानसिक आजार निघाला. दुसऱ्या तपासणीत आजार नव्हता. मधल्या काळात त्याने एकही गोळी घेतली नाही.

मित्रांनो, हे मला ठाऊक आहे, कारण पहिल्या तपासणीच्या वेळी मी टेबलावर उघडे पडले होते. मी एक जुने, निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक आहे. आजारांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्याच्या दहाव्या आवृत्तीतले मी मानसिक आजारांचे पुस्तक. कोणत्या लक्षणांना कोणते नाव द्यायचे, एवढेच मी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला छापले. अनेक देशांतल्या डॉक्टरांनी वाद घालून, एकमेकांचे मसुदे खोडून माझा मजकूर ठरवला. त्या काळी जेवढ्यावर एकमत झाले तेवढे माझ्यात आले. कुणाला दृष्टान्त होऊन लिहिलेले एक अक्षरही माझ्यात नाही.

डॉक्टर राजनंदिनी यांनी मला शिकत असताना विकत घेतले आणि पुढे स्वतःच्या दवाखान्यात आणले. माझी स्तुती पुष्कळ झाली. विद्यार्थी मला पोथीसारखे घोकत, आणि घोकणारा मनुष्य प्रश्न विचारत नाही, म्हणून मला त्यांचा राग येई. रुग्णांचे नातेवाईक तर त्याहून वाईट. दुखणे कळावे म्हणून येणारे थोडे. भांडण जिंकावे म्हणून येणारेच अधिक. भावाला वेडा ठरवायचे, सुनेला वेडी ठरवायचे, आणि त्यासाठी माझ्यातली एक ओळ हवी.

माझ्यात एक प्रकरण असे होते की जन्मतः मुलगी ठरवलेली व्यक्ती स्वतःला पुरुष म्हणून ओळखत असेल, किंवा याच्या उलट असेल, तर तिची नोंद मानसिक आजारांत होई. पुढे या नोंदीवर आक्षेप आले. अशा वेळी पुस्तक कसे बदलते ते नीट ऐका, कारण मोठ्या माणसांनाही ते माहीत नसते. प्रत्येक विषयासाठी तज्ज्ञांचे गट बसतात. त्यांचे प्रस्ताव सर्वांसमोर ठेवले जातात आणि कुणालाही त्यावर हरकत घेता येते. मग दवाखान्यांत चाचण्या होतात, आणि एकाच रुग्णाविषयी दोन डॉक्टर एकाच निष्कर्षाला येतात का हे पाहिले जाते. या प्रकरणात तर त्या माणसांनाच विचारले गेले. त्यांचा त्रास त्यांच्या ओळखीपेक्षा घरच्यांच्या नकाराशी आणि हिंसेशी अधिक जोडलेला आढळला. शेवटी सदस्य देशांनी नवी, अकरावी आवृत्ती मंजूर केली आणि दोन हजार बावीसच्या जानेवारीपासून ती लागू झाली. ही नोंद मानसिक आजारांतून निघाली आणि लैंगिक आरोग्याच्या वेगळ्या प्रकरणात गेली. मदत लागली तर मिळावी, पण वेडाचा शिक्का नको, असा त्याचा अर्थ. मी त्याच दिवशी जुने झाले. यात माझा अपमान काहीच नाही. दुरुस्त होता यावे म्हणूनच मला आवृत्तीचा आकडा दिला होता.

राजवर्धनला घरी अजून शिवानी म्हणतात. त्याने विज्ञानाची पदवी घेतली आणि एका खाजगी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत त्याची निवड झाली. ही नोकरी गेली तर त्याला गावी परतावे लागणार होते, आणि तिथे चुलत्याने त्याच्यासाठी नवरा पाहून ठेवला होता. चुलते बाळासो यांनीच डेअरीत फोन करून सांगितले की आमची पोरगी डोक्याने अधू आहे. व्यवस्थापकाने डॉक्टरांचे पत्र मागितले. बाळासो स्वतः सोबत आले. आपल्या डोळ्यांदेखत तपासणी व्हावी असा त्यांचा हट्ट होता.

त्या दिवशी डॉक्टर राजनंदिनी परगावी होत्या आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचा भाचा, डॉक्टर यशराज, बसला होता. हुशार, आणि घाईत. त्याने राजवर्धनला मोजके प्रश्न विचारले, समोर पडलेल्या मला उचलले, ते प्रकरण काढले आणि त्यातले नाव पत्रात जसेच्या तसे उतरवले. बाळासोंना वाचता येत होते तेवढे त्यांनी माझ्या पानावर बोट ठेवून वाचले.

"बघ, छापलंय की. मी म्हटलं तर चुलता वाईट. आता पुस्तकाला बी वाईट म्हण."

"आजारी मी हाय का तुमी, ते काय त्यात लिवलेलं न्हाय," राजवर्धन म्हणाला.

"जीभ बघा, डॉक्टर. ह्या जिभंवर काय गोळी हाय का?"

यशराज हसला. ते हसणे मी विसरलेले नाही. पत्र पोहोचताच डेअरीने नेमणूक थांबवली.

राजवर्धन गावी गेला नाही. मैत्रीण मोनाच्या खोलीवर राहिला आणि डॉक्टर राजनंदिनी परतल्याचे कळताच एकटाच दवाखान्यात आला. त्यांनी त्याला पुरेसा वेळ देऊन तपासले, मानसिक आजार नसल्याचे पत्र दिले आणि डेअरीला फोन केला. व्यवस्थापकाने रास्त प्रश्न विचारला. एकाच दवाखान्याची दोन पत्रे आहेत. दोन्ही खरी कशी, याचे कारण सांगा, तोवर नेमणूक होणार नाही. संध्याकाळपर्यंत कळवते, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि यशराजला राजवर्धनच्या समोरच बोलावून घेतले.

नवी आवृत्ती आहे हे तुला माहीत नाही का, असे त्यांनी विचारले. माहीत आहे, तो म्हणाला. ती संगणकावर आहे, पण मी घाईत होतो आणि टेबलावर हे होते.

"तू वाचलंस काय, तारीख बघितलीस काय, काहीच नाही," त्या म्हणाल्या. "उतरवून मोकळा."

"माझं चुकलंच, मावशी. पण हे अजून टेबलावर का आहे? अंधश्रद्धेवर भाषणं तू देतेस."

डॉक्टर राजनंदिनींनी मला हातात घेतले. मग त्यांनी सांगितले. खंडेनवमीला कोल्हापुरात ज्याची त्याची हत्यारे पुजतात; कुणी गाडी, कुणी लेथ, कुणी तराजू. त्या दरवर्षी स्टेथोस्कोपशेजारी मला ठेवून हळदीकुंकू लावत आणि वर झेंडूचे फूल.

"पुजलेलं पुस्तक रद्दीत कसं घालायचं? हातच होईना माझा."

राजवर्धनने माझ्या पुठ्ठ्यावरचा हळदीचा पिवळा डाग पाहिला.

"म्हंजे पूजा तुमी केली," तो म्हणाला, "आणि परसाद मला व्हय?"

राजनंदिनींनी फोन लावला आणि व्यवस्थापकाला सर्व काही, हळदीकुंकवासकट, सांगितले. मग त्याने विचारले की हे जुने पुस्तक आता कुठे आहे. रद्दीच्या पोत्यात, त्या म्हणाल्या, आणि तसे म्हणतच त्यांनी मला पोत्यात टाकले. राजवर्धनला सोमवारी रुजू व्हायला सांगण्यात आले. बाळासोंचे मत बदललेले नाही. त्यांना फक्त दाखवायला पान उरलेले नाही.

मित्रांनो, पुस्तकांची काळजी घ्या असे तुम्हाला नेहमी सांगतात. माझ्यासारख्या पुस्तकाची काळजी घ्यायची म्हणजे त्याची आवृत्ती पाहायची, आणि मुदत संपली की ते टेबलावरून उचलायचे. राहिले त्या दोन निदानांचे कारण. राजवर्धनमध्ये ते नव्हते. नवी आवृत्ती लागू झाली होती, पण जुन्या पुस्तकाला हळदीकुंकू लागले होते म्हणून कुणी ते टाकले नाही. आणि ते हाताशी होते म्हणून एका डॉक्टरने त्यातून उतरवले.