हर्षालीचं चित्र

लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर दौलतला मुलगी झाली, आणि पाचव्या वर्षी तिनं हातात खडू धरला तेव्हापासून आदिलाबादकडच्या बेला गावाजवळच्या एका खेड्यात त्याच्या कौतुकाला अंत उरला नाही. हर्षालीनं निळ्या शिंगांचा बैल काढला की कागद खिशात घालून तो चहाच्या टपरीवर जायचा. "दौलत, हा बैल औताले जुपतं का आता?" तिथं बसलेले मारोतराव चिडवायचे. दौलत हसायचा आणि कागदाची जपून घडी घालायचा.

भाव चढेपर्यंत, सगळे ठेवतात तसा, त्यानंही कापूस घरातच ठेवला होता. मधली खोली आढ्यापर्यंत भरली होती. हर्षाली दिवसभर त्या ढिगावरून घसरायची, आत बोगदे करायची. त्याची बायको सुवर्णा रागवायची, दौलत म्हणायचा, खेळू दे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिनं घरातली माणसं काढली. मिशीवाला दौलत, हिरव्या लुगड्यातली सुवर्णा, आणि दोघांचे हात धरून मधोमध उभी एक मुलगी. शेजारी ढीग, त्यात दोन काळे ठिपके.

"हे तू होय ना, माय?" दौलतनं मुलीवर बोट ठेवलं.

"नाही. मी इथं हाव." तिनं ठिपके दाखवले.

"मंग हे कोन?"

"हे उद्या येनार हाय."

लेकराला सुचतं तरी कसं, म्हणून त्यानं ते चित्र भिंतीवर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला तीन हाका मारल्या तेव्हा ती ढिगातून बाहेर आली. केसांत कापूस, चेहरा शांत. काही न मागता तिनं ताट पुसून खाल्लं. त्या दिवसापासून तिनं चित्र काढलं नाही. दौलतनं आदिलाबादहून रंगांची नवी पेटी आणली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"मले नाही येत, बाबा."

लेकरांचे नाद असेच असतात, सुवर्णा म्हणाली. पोरगी आता वेळेवर झोपत होती, सांगितलेलं ऐकत होती, शेजारणी नावाजत होत्या. उतारवयात बाप झालो म्हणून भलतंसलतं मनात येतं, असं दौलतनं स्वतःला बजावून पाहिलं. तरी तिच्या डोक्यावरून फिरवताना त्याचा हात मध्येच थांबायचा.

आठव्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली. हमालांनी पहिली दोन गाठोडी गाडीत रिती केली, आणि जास्त मावावा म्हणून दोघे जण वर चढून कापूस पायांनी तुडवू लागले. धप, धप. दौलत अंगणातून धावत गेला आणि खोलीच्या दारात हात पसरून उभा राहिला.

"तुडवू नका."

व्यापाऱ्यानं हिंदीत समजावलं, भावही वाढवून देऊ केला. चार लोकांत सुवर्णानं काऊन असं करता म्हणून विचारलं, तिला रडू आलं. तो बधला नाही. गाडीतला तुडवलेला कापूस त्यानं खाली काढून घेतला आणि मूठ मूठ चाचपून पाहिला. त्यात काही नव्हतं. वैतागून व्यापारी गाडी घेऊन निघून गेला.

मग दौलत खोलीत आला. गुडघ्यांवर बसून त्यानं ढिगात खांद्यापर्यंत हात घातला आणि अगदी हळू हाक मारली, "हर्षाली."

"काय, बाबा?" अंगणातून लगेच ओ आली.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. हात तसाच आत ठेवून तो उत्तराची वाट पाहत राहिला.