आठ नंबरच्या पाठीवरचे नाव

मित्रांनो, मी बास्केटबॉलची एक जर्सी आहे. जुनी आहे हे वेगळे सांगायला नको. माझी पाठ पाहिलीत तरी कळेल. तिच्यावर सुईच्या भोकांच्या इतक्या रांगा आहेत की उजेडासमोर धरले तर मी चाळणीच वाटेन. पण मला कसर लागलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कपडे दुरुस्तीच्या एका दुकानात झाला. दुकान म्हणजे एकच खोली. त्यात एक शिलाई मशीन, कापायचे टेबल आणि भिंतीवर उंच लावलेला टीव्ही. मागच्या दाराने आत गेले की मास्तरांचे घर. मास्तर म्हणजे मला शिवणारे शिंपी. त्यांनी मला स्वतःच्या बायकोसाठी शिवले. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची, म्हणून मीही काकूच म्हणते. जांभळे कापड, पांढरी किनार, आणि छातीवर काकूच्या आवडत्या संघाचे चिन्ह. पहिल्या दिवशी तिने मला घालून आरशासमोर तीन गिरक्या घेतल्या होत्या. मला तेव्हापासून थोडी शिष्टपणाची सवय लागली आहे.

आता माझ्या पाठीविषयी सांगते. बास्केटबॉलचा हंगाम अर्धा झाला की संघ आपापसात खेळाडूंची अदलाबदल करतात. त्याला ट्रेड म्हणतात. त्याची एक शेवटची तारीख असते. त्या दिवशी सकाळी आपला असलेला खेळाडू संध्याकाळी दुसऱ्या गावचा होतो. मग आमच्या दुकानासमोर रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात एक जर्सी, आणि मागणी एकच: जुने नाव उसवा, नवे लावा. दुकानाचा एक शिरस्ता होता. पहिला नंबर माझा. घरच्या जर्सीवर कात्री चालली की मगच गिऱ्हाइकांच्या जर्सीवर. मास्तर म्हणायचे, आपण आपल्यापासून सुरुवात केली की लोकांना कमी लागते.

कात्री चालायची तशी मास्तरांची जीभही चालायची. ट्रेडविषयी त्यांना मत नाही असे कधी झालेच नाही. घाईत केलेला ट्रेड कच्च्या टाक्यासारखा, धुतला की सुटणार, हे त्यांचे ठरलेले वाक्य. खेळाडू थकल्यावर नाही, थकायच्या आधी द्यावा, हे दुसरे. गल्लीतला एक बसचा ड्रायव्हर त्यांच्याशी दरवर्षी तावातावाने भांडायचा आणि दरवर्षी नाव मात्र त्यांच्याकडूनच बदलून घ्यायचा. अशी तीन नावे माझ्या पाठीवर आली नि गेली. मला त्याचे काही वाटले नाही. पाठीवर काय आहे ते आपल्याला थोडेच दिसते!

चौथे नाव लांबूचे होते. हे काकूने ठेवलेले टोपणनाव. पाठीवर लागले ते त्याचे खरे आडनाव, सात अक्षरांचे, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पुरणारे. त्याचा नंबर आठ. तो दहा वर्षे आमच्या संघात खेळला, म्हणून दहा वर्षे माझी पाठ शांत होती. लांबू काही फार मोठा खेळाडू नव्हता. फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रेषेवरून मारायचा चेंडू, मारताना तर हमखास चुकायचा, आणि तो रेषेवर उभा राहिला की काकू मला पोटाशी मुठीत धरायची. पण मैदानावर कुणीही पडले, अगदी समोरच्या संघातले, तरी हात देऊन उठवणारा तो पहिला असे. काकूला तेवढे पुरेसे होते.

त्या वर्षी काकू आजारी पडली. दवाखान्यात जाताना तिने मला स्वतः हँगरला लावले. "घरी आले की हीच घालून सामना बघणार," असे ती मास्तरांना म्हणाली. मास्तर हो म्हणाले.

ती घरी यायच्या आत ट्रेडची शेवटची तारीख आली. टीव्हीवर बातमी झळकली: लांबूला दुसऱ्या संघाला दिले, बदल्यात दोन तरुण खेळाडू घेतले. दुकानात एकच कल्ला झाला. ड्रायव्हर ओरडला, "दहा वर्षं राबवून घेतलं आणि अर्ध्या हंगामात हाकलून दिलं! याला काय माणुसकी म्हणायची?"

"भावना बाजूला ठेव रे," मास्तर म्हणाले. "त्याचे गुडघे गेलेत. दोन ताजी पोरं मिळाली. मला विचारशील तर मागच्याच वर्षी द्यायला हवा होता."

बोलता बोलता त्यांनी मला हँगरवरून काढले. सवयीचा हात होता, मित्रांनो. तोंडाने वाद चालू, आणि कात्रीच्या टोकाने टाके तुटत होते. सातही अक्षरे चिंध्यांच्या पोत्यात गेली. आपण काय उसवतोय, हे त्यांनी एकदाही खाली पाहिले नाही. रांग मोठी होती.

बातमी काकूलाही वॉर्डातल्या टीव्हीवर कळली. दुसऱ्या दिवशी तिने मला मागवून घेतले. मास्तर मला घडी घालून घेऊन गेले, आणि खरे सांगते, त्यांना आपले काही चुकले असे वाटतही नव्हते. "नवा पोरगा चपळ आहे," ते म्हणाले. "तुला आवडला की त्याचं नाव लावू."

काकूने मला उलटे केले. भोकांवरून बोट फिरवले.

"गुडघे गेले म्हणून काढलंत?"

"अगं, संघाच्या बाजूने विचार कर ना."

"माझं तर काहीच धड राहिलं नाही हो."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी मला तिच्या हातातून घेतले. "आत्ता जातो. मशीनवर अर्ध्या तासात पुन्हा लावून आणतो."

"मशीनवर नको," काकू म्हणाली. "इथे बसून हाताने लावा. रोज एकच अक्षर. तेवढा वेळ तरी माझ्यापाशी बसाल."

लांबूचा नवा संघ पुढच्याच रविवारी दुपारी आमच्या गावात खेळायला येणार होता. काकूला मला घालून तो सामना बघायचा होता. मधे नेमके सात दिवस होते.

मास्तर रोज चार वाजता दुकान बंद करून येऊ लागले. गिऱ्हाईक तोंड वाकडे करून जाई, पण ते थांबत नसत. नवी अक्षरे त्यांनी पांढऱ्या कापडातून कापून आणली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून ते टाके घालत आणि काकू उशीला टेकून बघत राही. "वाकडं जातंय," ती म्हणे. "तू शिकव मला," ते म्हणत. ट्रेडविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. काय सांगू, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, आणि ते दवाखान्यात गेले.

पाचव्या दिवशी काकूला ताप चढला. सिस्टरने मास्तरांना बाहेर बसवले. त्या दिवशी अक्षर लागले नाही.

म्हणून रविवारी एक अक्षर उरले. सामना सुरू व्हायची वेळ झाली तरी काकू ऐकेना. सिस्टरने मला तिच्या अंगावर गाऊनवरूनच चढवले आणि बजावले, "मास्तर, सुई जपून हं." काकू पुढे वाकून बसली. मास्तर मागे उभे राहिले आणि तिच्या पाठीवरच शेवटचे अक्षर लावू लागले. मी तिला कितीतरी वर्षे ओळखत होते. पण त्या दिवशी ती माझ्या आत इतकी थोडी उरली होती की मी दोन्ही बाजूंनी लोंबत होते.

टीव्हीवर लांबू मैदानात आला. त्याच्या अंगावर परका हिरवा रंग होता. सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले, आमचे प्रेक्षक, त्याच्यासाठी. पुढे त्याला दोन फ्री थ्रो मिळाले, आणि त्याने दोन्ही घातले, आमच्याच संघावर. काकूने टाळ्या वाजवल्या. आवाज होण्याइतका जोर तिच्या हातात नव्हता.

मागे मास्तरांची सुई थांबली होती. दोरा निघाला होता आणि तो पुन्हा ओवायला त्यांना दिसत नव्हते. ते डोळे पुसत होते, डोळे पुन्हा भरत होते.

"झालं का हो?" काकूने विचारले.

त्यांनी खिशातली सेफ्टी पिन काढली, अक्षर माझ्यावर टाचले आणि म्हणाले, "झालं."

चार दिवसांनी काकू गेली.

तेव्हापासून मी कपाटात आहे. वर्षातून एकदा मास्तर मला बाहेर काढतात, सुई ओवतात, ती पिन बघतात आणि मला परत ठेवून देतात. पिनेचा गंज माझ्या कापडात उतरला आहे. ट्रेडच्या दिवशी दुकानासमोर अजून रांग लागते. मास्तर मान खाली घालून नावे उसवतात. ड्रायव्हर मुद्दाम डिवचतो, "मास्तर, यंदाचा ट्रेड कसा वाटला?" ते म्हणतात, "मला काय कळतंय त्यातलं?" हे ऐकले की कपाटात माझा जीव कासावीस होतो. अक्षर नुसते टाचून 'झालं' म्हणालो आणि आपण तिला फसवले, एवढेच त्या माणसाच्या मनात घर करून बसले आहे.

मित्रांनो, मला मास्तरांशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला विनवते. आपल्या वस्तू जपा, माणसे त्याहून जपा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. माझे काम त्याहून लहान आहे. कधी उसवलेला सदरा घेऊन त्या दुकानात गेलात तर काम झाल्यावर लगेच निघू नका. मास्तरांना सांगा, की त्या दुपारी ते पाणी आणायला बाहेर गेले तेव्हा काकूने हात मागे नेला होता. तिची बोटे अक्षरे मोजत मोजत पिनेपाशी आली. तिथे थांबली. पिन नीट लागली आहे ना, हे तिने चाचपून पाहिले, आणि मग हात पुढे घेऊन ती दाराकडे बघत त्यांची वाट पाहत बसली.