वरच्या सप्तकातली लहर

मेणकापडावर एकशे बावीस पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणारी पाती, होते. पायपेटीच्या एकसष्ट पट्ट्या, प्रत्येक पट्टीला दोन. इंदुताईंनी शेवटचा सूर ब्रशने झटकून खाचेत सरकवला. मागची फळी लावण्याआधी त्यांनी मधल्या सप्तकातल्या एका पात्याच्या टोकाला तिळाएवढं मेण चिकटवलं. आता त्या पट्टीचे दोन सूर जुळणार नव्हते. दोन सुरांची कंपनं सेकंदाला जितक्यांनी वेगळी, तितक्या वेळा आवाज थरथरतो. दुकानात त्याला लहर म्हणत. चांगल्या कानाला सेकंदाची एक लहरसुद्धा कळते.

"प्रणित!"

तो अंगणातल्या शेकोटीजवळून उठून आला. आधी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि मग मोठ्याने म्हणाला, "का म्हनतेस, आई?"

"वरडतोस काऊन? मी इथीच आहो ना."

दिवाळीला तो गडचांदूरकडची चुनखडीच्या खदानीतली नोकरी सोडून वडशाला आला, तेव्हापासून असाच बोलत होता. क्रशरजवळ माणसं अशीच एकमेकांना हात लावून, ओरडून बोलत असणार. एकदा जेवताना तो सहज म्हणाला होता, सुरुंग उडाला की दिवसभर कानात घंटी वाजते. सांगताना तो हसला होता. इंदुताईंचा घास मात्र हातातच राहिला होता.

नवरा सोमाजी गेल्यापासून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या पेट्या त्याच लावत होत्या. जुन्या पेट्या, क्लॅरिनेट, तबल्याच्या जोड्या विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात कंपन्यांना द्यायच्या. कार्तिकापासून होळीपर्यंत गावोगाव मंडईची जत्रा, शंकरपटाच्या बैलशर्यती आणि रात्रभर नाटक. या हिवाळ्यात पेट्या सुरात लावायचं काम पोराच्या हाती द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. खदान त्याने सोडलीच होती. आता कानही गेला असेल, तर या दुकानात तो काय करणार?

"हा खडू घे. ज्या पट्टीत लहर लागल, तिथी खूण कर."

"तू तं मागच्याच आठवड्यात लावली ना ही?"

"कर म्हनलं ना."

प्रणित स्टुलावर बसला. पायांनी भाता हलवत तो खालून एकेक पट्टी दाबत वर सरकला. इंदुताई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. मेण लावलेल्या पट्टीवर तो लगेच थांबला आणि खडूची रेघ ओढली. इंदुताईंनी श्वास सोडला, शालीचा पदर सैल केला.

तो पुढे गेला. वरच्या सप्तकात पुन्हा थांबला. रेघ. दोन पट्ट्या सोडून आणखी एक. मग आणखी दोन.

"ते दाब पुन्हा."

त्याने दाबली. इंदुताईंनी कान पेटीला लावला. बारीक, सरळ, दोऱ्यासारखा एकच सूर.

"लहर नाई तिथी."

"आहे, आई."

"नाई म्हनते ना मी. घंटी असल तुह्या कानातली."

प्रणित बोटांमध्ये खडू फिरवत राहिला. मग म्हणाला, "बरं. पुसून टाकतो."

"पुसू नको," त्या म्हणाल्या.

बाहेर कंपनीची गाडी थांबली. मुखरूभाऊ, कंपनीचे पेटीमास्तर, मफलर सोडत आत आले. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

"इंदुबाई, झाली का माही पेटी? आज तिसऱ्या अंकात मले राजा मारायचा आहे. बिनसुराचा मेला तं पब्लिक त्याले उठवून पुन्हा मारते."

इंदुताई हसल्या नाहीत. त्यांनी मुखरूभाऊंना दाराशी नेलं आणि आवाज खाली घेतला.

"भाऊ, पोराच्या कानात खदान बसली. नसलेली लहर ऐकू येते त्याले. ब्रह्मपुरीले कानाचा डॉक्टर भेटल का?"

आत, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, प्रणितने मान वर केली.

"पाहू द्या तं," म्हणत मुखरूभाऊ पेटीवर बसले. त्यांनी पहिली खूण दाबली. "हे आहे, बाई."

"ते मीच केलं, त्याले पाहासाठी. वरच्या पाहा."

त्यांनी वरची पट्टी दाबली. खर्रा चघळणारा जबडा थांबला. त्यांनी दुसरी दाबली, मग तिसरी. चौथी दाबलीच नाही. त्यांनी प्रणितकडे पाहिलं. प्रणितने कळेल न कळेल अशी नकाराची मान हलवली.

"भाऊ?"

मुखरूभाऊ मफलरची गाठ पुन्हा बांधू लागले.

"थंडी लय आहे यंदा," ते म्हणाले. "पितळ आखडते, बाई. होते असं."

"का होते?"

"काई नाई. चालल आजचं. पब्लिकले का समजते?"

आजवर या दुकानातून 'चालल' म्हणून पेटी गेली नव्हती. इंदुताईंनी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. दोघंही पेटीकडे बघत होते.

"प्रणित, सूर मोजाचं ते आहे ना तुह्या मोबाईलात? काढ."

"राहू दे, आई. मी लावून देतो चारही. दहा मिनिटं लागन."

"काढ म्हनलं."

त्यांनी स्वतः मागची फळी उतरवली. वरच्या सप्तकातल्या पहिल्या खुणेच्या पट्टीचा एक सूर कागदाच्या घडीने दाबून बंद केला.

"हाना, भाऊ."

मुखरूभाऊंनी भाता हलवला. प्रणितने मोबाईल सुराजवळ धरला, पण पडदा स्वतःकडेच ठेवला. इंदुताईंनी त्याचं मनगट धरून तो आपल्याकडे वळवला आणि चष्मा नाकावर सरकवून आकडा वाचला. मग कागदाची घडी काढून शेजारच्या पात्यावर ठेवली आणि पुन्हा वाजवायला मानेनेच सांगितलं.

पहिला सूर सतराशे साठ. दुसरा सतराशे त्रेसष्ट. सेकंदाला तीन लहरी, आणि त्यांच्या कानाला एकही कळली नव्हती.