इदरीसचा वाटा

वकिलानं जुन्या विक्रीचा कागद वाचून दाखवला तेव्हा रुवैदा मिस्कला अंघोळ घालत होती. सात महिन्यांची पोर, टबात बसवली की दोन्ही हातांनी पाणी बडवायची. त्या गोंधळात निम्मा कागद रुवैदाच्या कानापर्यंत आलाच नाही. पण एक वाक्य वकिलानं दोनदा वाचलं. 'इदरीसचा वाटा, म्हणजे यंदा तो ज्या रानातला गहू कापतो आहे ते रान.' खाली अंगठा. साल एकोणीसशे सदतीस.

"अंगठा खोटा म्हणून सांगा," वकील म्हणाला.

"आणि तो फोटो?" काकांनी विचारलं. "त्यात माझा आजा इदरीस जमीन घेणाऱ्या त्या माणसाबरोबर कॉफी पितोय. तोही खोटा?"

काका म्हणजे रुवैदाचे सासरे, अबू रश्दी, रश्दीचा बाप. सख्खे चुलतेच ते. त्यांच्या रश्दीला दिली तरी तिच्या तोंडून काका सुटलं नाही. रश्दी आखातात कामाला. घरात काका, त्यांची म्हातारी आत्या म्हणजे इदरीसची लेक झकिया, रुवैदा आणि मिस्क.

इदरीस आजोबांच्या काळी वादी अल-तूत खोऱ्यातलं रान कुणा एकाचं नव्हतं, गावाचं होतं. दर दोन वर्षांनी पेरणीआधी प्रत्येक घरानं आपली खूण पिशवीत टाकायची, कुणी खडा, कुणी हाडाचं बटण, कुणी खजुराची बी. गावातलं सगळ्यात लहान चालतं पोर हात घालून एकेक काढायचं. ज्याची खूण निघेल त्याचं ते रान, दोन वर्षांपुरतं. इदरीस आजोबांनी विकलं ते हे. विकणाऱ्याला वाटलं दोन वर्षांचं दिलं, घेणाऱ्याला वाटलं जन्माचं घेतलं. घेणाऱ्यानं हिवाळ्यात आलुबुखाराची रोपं लावली आणि वसंतात त्या रोपांतच तो मरून पडलेला सापडला. दंग्याचे दिवस होते. कुणी मारलं ते गावानं कधी सांगितलं नाही. रोपं उपटली, रान पुन्हा नांगरलं, आणि पुढं वाटण्या कायमच्या झाल्या तेव्हा कुणीच त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. इदरीसनं काही विकलंच नाही, हेच घराघरात पोरांना शिकवलं गेलं.

आता त्या मेलेल्या माणसाची नात टेकडीवरच्या यहुद्यांच्या वसाहतीत राहते. तिच्या वकिलानं जुना नकाशा काढून काकांच्या द्राक्षमळ्यावर बोट ठेवलं होतं.

"एक वाट आहे," वकील खालच्या आवाजात म्हणाला. "त्या साली तुमच्या आजोबांना दुसरंच रान आलं होतं असं दाखवता आलं तर मळा सुटतो. आठवणारं कुणी आहे का?"

झकिया आत्या कोपऱ्यात मसूर निवडत होती. तिला एका कानानं ऐकू येत नव्हतं, पण दुसरा चांगला तिखट होता.

"मला कशाला आठवायला हवं? माझा जन्मच तिथला," ती म्हणाली. "आई गहू कापता कापता कळा द्यायला लागली. झऱ्याच्या पाण्यानं मला धुतलं. ओळखपत्रावर साल आहे बघ, सदतीस. सगळं गाव मला झऱ्यावरची म्हणतं ते काय उगीच?"

वकिलाचे डोळे चमकले. रुवैदाचा हात मात्र पाण्यातच थांबला. म्हणजे विकलं गेलं ते झऱ्यावरचं रान, आणि तिथं आता तिच्या बापाचं घर होतं. अबू मुनीफचं, काकांच्या धाकट्या भावाचं. घर, अंजिरं, तिच्या दोघा भावांच्या नव्या खोल्या.

"आत्या," काका शांतपणे म्हणाले, "तुला काही आठवत नाही."

"मला? अरे, तुझ्या बापाचं नाक पुसलंय मी!"

"आठवत नाही म्हणजे नाही."

वकील चुळबुळला. "अबू रश्दी, झऱ्याचं पुढं बघू. तो वेगळा खटला होईल."

"तुमच्यासाठी वेगळा. माझ्यासाठी तो माझा भाऊ आहे." मग त्यांनीच विचारलं, "मला माहीत नाही, असं सांगितलं तर?"

"तर ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरतील. आणि झऱ्यावरची बाई त्यांना पहिल्याच दिवशी सापडेल."

काकांनी रुवैदाकडं पाहिलं. तिनं मिस्कला टॉवेलात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. 'काका, मळा वाचवा' असं ती म्हणू शकत होती. मळ्यावरच त्यांचं सगळं होतं. रश्दी परत यायचा तो मळ्यासाठीच. पुढं कितीदा तरी तिनं स्वतःला विचारलं, त्या दिवशी मी गप्प बसले ते बापासाठी की भीतीनं?

पाहणीच्या दिवशी वेलींना कोवळी पानं फुटली होती. नकाशांची गुंडाळी घेतलेला तरुण अधिकारी, दोन शिपाई, दोन्हीकडचे वकील, आणि बांधावर निम्मं गाव. रुवैदाचा बाप सगळ्यांत पुढं, छाती काढून उभा.

तिर्झाबाई आल्या, दावा लावणारी ती नात. साठी उलटलेली बाई, डोक्याला रुमाल, हातात काठी. त्यांची काकांची ओळख जुनी. दर सातव्या वर्षी त्यांच्या धर्माप्रमाणं त्यांची जमीन विश्रांती घेते. मग त्या वर्षी त्या कुंपणाशी येऊन काकांकडून भाजी आणि द्राक्षं घ्यायच्या, मोडक्या अरबीत घासाघीस करायच्या.

"पाय कसा आहे, अबू रश्दी?"

"तुमच्या नोटिशीपेक्षा हलका आहे, तिर्झाबाई."

बांधावर कुणीतरी हसलं.

"मी चोर नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं कागद आहे, आणि आमच्या माणसाचं रक्त या मातीत आहे."

"कागदाचं काय सांगता? तुमची जमीन वर्षभर झोपली की पुण्य लागतं आणि ती तुमचीच राहते. आमची तीन वर्षं झोपली की सरकारची होते, आणि पुढं तुमची. आमच्या जमिनीला साधी डुलकी घ्यायची सोय नाही."

आता बांधावरचे सगळेच हसले. अबू मुनीफ तर मांडीवर थाप मारून हसला. तिर्झाबाई हसल्या नाहीत. त्या खाली मातीकडं बघत होत्या.

अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. "मुद्द्यावर या. सदतीस साली इदरीस कुठलं रान कापत होता?"

हसणं थांबलं. काकांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. झऱ्याच्या बाजूला त्यांनी मान वळवली नाही, चुकूनसुद्धा नाही. ते बघवत नव्हतं म्हणून रुवैदा मिस्कचं टोपडं सारखं करत राहिली.

"हेच," काका म्हणाले. "इथलाच गहू कापला त्यानं. आणि अंगठाही त्याचाच."

पहिला आवाज फुटला तो अबू मुनीफचा.

"तू आजोबाला जमिनीचा दलाल ठरवलंस? सगळ्यांसमोर? किती दिले रे तुला त्यांनी?"

"घरी जा, मुनीफच्या बापा."

"घरी जातो! माझं घर आहे अजून. तुझ्यासारखं जिभेनं विकलं नाही मी!"

रुवैदाच्या ओठांवर आलं, बाबा, ते घर आत्ताच वाचलं. पण बांधावर चाळीस कान होते आणि तिर्झाबाईंच्या वकिलाची वही उघडी होती. तिनं शब्द गिळले. आजतागायत ते तिच्या घशातच आहेत.

निकाल उन्हाळ्यात लागला. शेवटचा बहर तोडायला चार दिवस दिले होते. काका मळ्यात आले नाहीत. पाहणीनंतर मशिदीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली तेव्हाच त्यांनी मशीद सोडली होती. मग दुकानात जाणं सोडलं, मग ओट्यावर बसणंही. भावाच्या, मुनीफच्या लग्नाचं आमंत्रण रुवैदाला आलं, 'एकटीच ये' असं सांगून. ती गेली नाही. बाप चिडला. "दलालाच्या घरचं मीठ लागलं तुला," असा निरोप त्यानं पाठवला. निरोप आणणारी तिची सख्खी बहीण. तिला तरी सांगावं असं रुवैदाला वाटलं. पण बहिणीच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक.

तोडणीच्या चौथ्या दिवशी रुवैदा एकटीच घोस तोडत होती. मिस्क वेलीखाली गोधडीवर बसून एक द्राक्ष बोटांनी चिरडत होती. तेवढ्यात काठी वाजली.

"घाबरू नकोस, मीच आहे," तिर्झाबाई म्हणाल्या. "पोर गोड आहे गं. दात आले?"

"दोन."

त्या काठीवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. "अबू रश्दींनी खरं सांगितलं, याचं मला नवल वाटलं. आमच्यात म्हणतात, तो म्हातारा काहीतरी लपवतोय." त्या जवळ आल्या. "मला जमीन मिळाली, ठीक आहे. पण माझ्या आजोबांचं प्रेत आम्हाला पुरायला मिळालं, ते जिथं पडले ती जागा नाही. आमच्या आईला कुणी दाखवलीच नाही. तू आई आहेस, म्हणून तुला विचारते. ते इथंच पडले ना?"

झरा तिथून चारशे पावलं. वारा तिकडून वाहत होता आणि त्यावर बापाच्या शेळ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"इथंच," रुवैदा म्हणाली.

"नक्की कुठं?"

एवढं विचारतील असं तिनं धरलं नव्हतं. तिनं समोर दिसली त्या वेलीकडं बोट केलं, आणि म्हणाली, "आमच्यात सांगतात, त्या तिथं."

तिर्झाबाई गुडघे टेकून बसल्या. ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. मग त्या मातीवर हात फिरवून दगड शोधायला लागल्या. मेलेल्या माणसाजवळ दगड ठेवायची त्यांची रीत. पण तीन पिढ्यांनी वेचून काढलेली जमीन ती, सुपारीएवढा खडाही हाताला लागेना. त्या तशाच शोधत राहिल्या, नखांत माती भरेपर्यंत.

रुवैदाला ते बघवेना. गेल्या वर्षी सुट्टीवर आलेल्या रश्दीनं रचलेल्या बांधाच्या भिंतीतून तिनं एक दगड हिसका देऊन काढला आणि त्यांच्या हातात दिला. वरची माती भुरभुर खाली आली.

"देव तुझ्या पोरीला तिच्या माणसांत ठेवो," तिर्झाबाई डोळे पुसत म्हणाल्या. दगड वेलीच्या बुंध्याशी ठेवून त्या हळूहळू टेकडी चढून गेल्या.

रुवैदानं मिस्कच्या मुठीतलं साल काढून फेकलं, बोटं आपल्या ओढणीला पुसली, आणि कात्री उचलली. तीन ओळी राहिल्या होत्या आणि उद्यापासून फाटकाला कुलूप होतं.