सभेला बिरप्पामामा गेला

मित्रांनो, माझा हूड तीनदा बदलला, इंजिन दोनदा खोललं, तरी मी अजून शाळेचीच रिक्षा आहे. सोलापुरात माझ्यासारख्या रिक्षा गल्लोगल्ली भेटतील. पण एका पोरीचं वर्ष वाया घालवलेली रिक्षा मी एकटीच असेन. त्यात माझा मालक बिरप्पाही होता, आणि तिच्या घरचेही. तरी माझा वाटा मी लपवणार नाही.

मी कोरी करकरीत होते तेव्हा बिरप्पानं मला हार घातला, नारळ फोडला आणि सिद्धेश्वराच्या देवळाला एक फेरी मारून आणली. मग आपल्या सीटमागं एक लाकडी फळी ठोकली, दप्तरांसाठी बाहेर हुक लावले. झाले मी शाळेची! पोरं त्याला मामा म्हणू लागली. मामाला माझ्याशी बोलायची सवय. काच पुसता पुसता दिवसभराचं सगळं मला सांगतो, म्हणून शाळेच्या आतलंही मला कळतं.

चंद्रिका पहिलीत असल्यापासून माझ्यात बसते. तिचे वडील शिवानंदआप्पा मार्केट यार्डात तुरीचा व्यापार करतात. लेकीच्या शाळेसाठी त्यांनी दुधनीहून इकडं बिऱ्हाड हलवलं. पहिला आठवडाभर आप्पा त्या फळीवर गुडघे मुडपून बसून शाळेपर्यंत आले. एवढा मोठा माणूस, डोकं हुडाला घासत होतं, पण उतरायचं नाव नाही. पालकसभेला तर नवरा-बायको दोघंही यायचे. चंद्रिकाची आई सिद्धेश्वरी इरकल नेसून यायची. परतताना बाई काय म्हणाल्या यावरून दोघांची कन्नडमध्ये जुंपायची, आणि मधे बसलेली चंद्रिका खुदुखुदु हसायची. खरं सांगते, तेव्हा मला माझा फार अभिमान वाटायचा.

पाचवीत आई एकटीच येऊ लागली. सहावीत चंद्रिका म्हणाली, "आता तुम्ही येत जाऊ नका. कुणाचेच आई-बाबा येत नाहीत." हे साफ खोटं होतं. माझ्यातच बसणाऱ्या कुमारची आई दर सभेला यायची, मी गेटवर रोज उभी असते, मला ठाऊक नाही होय? पण घरच्यांनी ते लगेच मानलं. मला वाटतं, त्यांना हायसंच वाटलं. वरच्या वर्गातलं आपल्याला काय कळणार, असं आप्पांना वाटे, आणि मराठीत बोलताना चुकेल म्हणून सिद्धेश्वरी बिचकत असे.

आठवीत पहिल्या सभेचा निरोप आला तेव्हा सिद्धेश्वरी दारातून म्हणाली, "मामा, तुमी तितं जातायच की. तेवढं बसून या, सही करून या. पोरगी मोठी झाली, तिचं तिला कळतंय."

मामा चौथी शिकलेला. खाकी शर्ट काढून धुतलेला पांढरा घातला आणि पालकांच्या रांगेत जाऊन बसला. नव्या बाईंनी सांगितलं, "चंद्रिकाचं गणित फार मागं पडलंय. डबाही एकटीच खाते. घरात नीट बोला तिच्याशी."

मामा तोंड पाडून बाहेर आला. चंद्रिका आधीच येऊन फळीवर बसली होती.

"मामा, घरी सांगू नका. पुढच्या वेळी मी करते नीट."

"बरं, न्हाय सांगत," मामा म्हणाला. लेकरू रडवेलं झालेलं बघून त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. एरवी दहा वेळा खोकणारी मी, त्या दिवशी एका दमात सुरू झाले. थोडी अडून बसले असते तर त्याला विचार करायला वेळ मिळाला असता.

घरी मामा म्हणाला, "पोरगी लई हुशार हाय म्हणल्या." सिद्धेश्वरीनं खूश होऊन चहा दिला. पुढच्या सभेला तेच, नववीतल्या सभांनाही तेच. प्रत्येक वेळी खरं बोलणं जास्त अवघड होत गेलं. काच पुसताना मामा म्हणायचा, "आता कुठल्या तोंडानं सांगू गं?"

नववीत चंद्रिका नापास झाली. शाळेनं थेट घरी फोन केला आणि आप्पा घाईघाईनं माझ्यात बसून आले. गेटवर शिपाई सिद्रामप्पानं विचारलं, "पोरगी कुठल्या तुकडीत हाय?" आप्पांना सांगता येईना. त्यांनी मामाकडं बघितलं.

"ब," मामा खालच्या आवाजात म्हणाला. "वरचा मजला, जिन्याशेजारी."

तेवढ्यात बाई समोरून आल्या. मामाला म्हणाल्या, "बरं झालं, आलात. चंद्रिकाचे आप्पा ना तुम्ही? दरवेळी एवढं कळकळीनं सांगत होते मी."

शिवानंदआप्पा म्हणाले, "बाई, तिचा बाप मी आहे." एवढं बोलताना त्यांची मान खाली गेली होती.

परत जाताना बाप-लेक मागच्या सीटवर बसले होते. मामानं रडत रडत सगळं कबूल केलं. आप्पा त्याच्यावर ओरडले नाहीत. लेकीला म्हणाले, "येऊ नका असं तूच म्हणालीस की."

"म्हणाले होते," चंद्रिका म्हणाली. "पण तरी तुम्ही याल असं वाटायचं. दर सभेला मी वरून गेटकडं बघत बसायचे."



जूनमध्ये चंद्रिका पुन्हा नववीत बसली. तिच्या मैत्रिणी दहावीत गेल्या. आता आप्पा प्रत्येक सभेला येतात, यार्डात कितीही माल आलेला असो. लेक थोडी बोलू लागली आहे, गणितही सावरतंय. पण गेलेलं वर्ष कुठून आणायचं? ते माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, हे तुमच्या आई-बाबांना वाचून दाखवा. त्यांना म्हणावं, आम्ही मोठे झालो, येऊ नका म्हणालो, तरी या. फाड फाड बोलता आलं नाही तरी चालेल, गणित कळलं नाही तरी चालेल. मामा आम्हाला गेटपर्यंत सोडेल. तिथून पुढं तुम्हीच या.